डंक्याला दिलेला एक स्टार

ही गोष्ट मी आतापर्यंत तीनदा कबूल केली आहे. एकदा डंक्यावर पाच बायकांसमोर, एकदा आईसमोर आणि एकदा माटुंग्याच्या एका अनोळखी बाईंना फोनवर. तरी मनातलं जात नाही, म्हणून आता लिहून काढतो.

आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिलमध्ये होतो. आई मालवणकडची. लग्न होऊन लालबागला आली त्याला पंचावन्न वर्षं उलटली, पण मसाल्याच्या बाबतीत ती अजून गावातच राहते. मिरच्या ती स्वतः निवडते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि तिसरी कुठली तरी, जिचं नाव ती आम्हाला सांगत नाही. त्यांना गच्चीवर तीन उन्हं दाखवायची. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर हे सगळं घरी कढईत भाजायचं. त्या दिवशी आमच्या मजल्यावर सगळे दारं लावून घेतात आणि दारामागून खोकतात. एवढं झालं की सगळं डंक्यावर कुटायला न्यायचं.

डंका म्हणजे कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं एका रांगेत वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मसाला कुटला जातो. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर भांडल्यासारखं बोलावं लागतं. आमचा डंका गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याचे मालक सत्तरीचे. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो आणि ते मला अजून ‘बाळा’ म्हणतात. मी बावन्न वर्षांचा आहे, विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि मला टक्कल आहे.

इतकी वर्षं आई स्वतः डंक्यासमोर स्टुलावर बसायची. गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मिरचीच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलं. म्हणून मला पाठवलं. निघताना तिने मला दोन नियम सांगितले.

“एकदा बसलंस की बसलंस. मुताक सुद्धा उठायचा नाय.”

“बरं.”

“आणि झाकण लगेच लावू नको. गरम मसाल्याक घाम येता.”

दुसऱ्या नियमाचा अर्थ असा की कुटून झालेला मसाला गरम असतो. लगेच झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि मसाला बिघडतो. म्हणून डंक्यावर सगळ्यांचे डबे बाकड्यावर उघडेच निवत ठेवलेले असतात आणि ज्याचं झाकण त्याच्या डब्याखाली सरकवलेलं असतं. डबे बहुतेक स्टीलचे, एकाच मापाचे. लग्नात, वास्तुशांतीला मिळालेले. ओळख पटायची ती कोरलेल्या नावावरून. आमच्या डब्यावर आणि झाकणावर, दोन्हीवर आईचं नाव आहे. माहेरहून आलेला डबा.

मी गेलो तेव्हा काका बाकड्याच्या टोकाला बसले होते आणि गल्ल्यावर त्यांची सून होती. तिला मी वहिनी म्हणतो. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. काकांनी मला ओरडून सांगितलं, “ह्या सीझनला सगळं हिच्याकडे दिलंय! डबे हीच सांभाळणार! मी म्हटलं, एक सीझन बघतो. एक जरी तक्रार आली तरी परत घरी!”

वहिनींनी तिकडे लक्षही दिलं नाही. त्या एका बाईंचा मसाला चाळत होत्या. त्यांनीच डंका मोबाइलच्या नकाशावर टाकला होता, फोटो लावले होते आणि दारात पाटी केली होती, ‘आम्हाला रिव्ह्यू द्या’. ती पाटी मी वाचली. पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

माझ्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. मी समोरासमोर कुणाशी भांडू शकत नाही. हॉटेलात पुरीऐवजी पाव आला तरी मी “चालेल, चालेल” म्हणतो आणि पाव खातो. पण घरी आलो की मी फोनवर रिव्ह्यू लिहितो. ‘जागरूक ग्राहक’ असं नाव घेतलंय. त्या नावाने मी परळच्या दातांच्या दवाखान्याला दोन स्टार दिलेत, हिंदमाताच्या एका साडीवाल्याला एक, गिरगावात थंड थालीपीठ देणाऱ्याला एक. म्युनिसिपालिटीच्या बागेलासुद्धा एक दिलाय, झोपाळा करकरतो म्हणून. बायको म्हणते, “अहो, तोंडाने बोलला असतात तर तिथल्या तिथे गरम थालीपीठ मिळालं असतं.” तिला तत्त्व समजत नाही, असं मला वाटायचं.

तर त्या दिवशी मी स्टुलावर बसलो. आमचा मसाला कुटून झाला, वहिनींनी डब्यात भरून बाकड्यावर ठेवला आणि झाकण डब्याखाली सरकवलं. बाजूला आणखी चार डबे होते. भयंकर उकडत होतं. मिरचीने नाकातून, डोळ्यातून पाणी वाहत होतं. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आमचं झाकण ओढून घेऊन त्यानेच वारा घेत बसलो. मग नुसतं बसून काय करायचं म्हणून फोन काढला आणि दादरच्या एका चपलांच्या दुकानावर एक स्टारचा रिव्ह्यू लिहायला घेतला. महिन्याभरात चपलेचा तळ सुटला होता. रिव्ह्यू लांबला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून एकेक शब्द दोनदा लिहावा लागत होता. तो संपवून मी डब्याला हात लावून बघितला, निवला होता. झाकण लावलं, पिशवीत घातला आणि घरी आलो.

रविवारी आईने बांगड्यांचं तिखलं केलं. पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिली.

“ह्यो माझो मसालो न्हय.”

“आई, तुझाच आहे. मी स्वतः आणलाय.”

“तिखट आसा. चव खय आसा?” ती ताटावरून उठली. “खयच्या मेल्यान माझो मसालो नेल्यान? तू थयसून हललंस काय?”

“नाही, हललो नाही,” मी म्हणालो. आणि मी हललो नव्हतोच. एवढंच खरं होतं, आणि त्या एवढ्याशा खऱ्यावर मी पुढचं सगळं रचलं.

आईने तीन दिवस मसाल्याचं सुतक पाळलं. वरणभात आणि मेतकूट. मेतकुटाकडेही ती संशयाने बघायची. बायको म्हणाली, “जा ना डंक्यावर, विचारा.”

“विचारतो.”

“तुम्ही? विचारणार?” असं म्हणून ती गेली.

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी रिव्ह्यू लिहिला. तो मला पाठ आहे. ‘अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की, वर्षानुवर्षे विश्वासाने येणाऱ्या ग्राहकाचा मसाला सदर ठिकाणी बदलण्यात आला. नवीन व्यवस्थापनाचे लक्ष डब्यांपेक्षा मोबाइलमध्ये अधिक असल्याचे जाणवते. एका वृद्ध मातेच्या भावनांशी खेळ झाला आहे.’ आणि एक स्टार.

मोबाइलचं मी कुठून काढलं? वहिनींच्या हातात त्या दिवशी मी एकदाही फोन बघितला नव्हता. फोन माझ्याच हातात होता. तरीही ते वाक्य इतकं सहज आलं की लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि समाधानाने पोळी खाल्ली.

आठवड्याभरात त्या रिव्ह्यूखाली ‘उपयुक्त’ म्हणून सतरा जणांनी खूण केली. मला छाती फुगल्यासारखं झालं. शिवाय माझं बघून इतरांनाही धीर आला. एकाने एक स्टार दिला, कारण गल्लीत गाडी लावायला जागा नाही. एकाने लिहिलं, ‘खूप शिंका आल्या.’ एक जण आदल्या वर्षी दिवाळीत गेला होता, तेव्हा दुकान बंद होतं, त्याने तो राग आता काढला. एका बाईंनी दोन स्टार दिले आणि खाली लिहिलं की अजून गेले नाही, पण जाणार आहे.

त्यानंतर काकांचा निरोप आला. संध्याकाळी येऊन जा म्हणून. गेलो तर काकांनी माझ्यासाठी चहा मागवला होता.

“बाळा, तू ऑफिसात लिहिण्याचं काम करतोस. तुझं मराठी चांगलं. आमच्यावर कुणी तरी गलिच्छ लिहिलंय रे.” त्यांनी वहिनींचा फोन माझ्या हातात दिला. “वाच.”

मी माझाच रिव्ह्यू मोठ्याने वाचला. ‘वृद्ध माते’पाशी काकांचे डोळे ओले झाले.

“चाळीस वर्षं,” ते म्हणाले, “चाळीस वर्षांत माझ्याकडून एकाचा चमचाभर दुसऱ्याकडे गेला नाही. कोण असेल रे हा जागरूक?”

“काही सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“कोण का असेना, तू त्याला उत्तर लिही. असं लिही की त्याची बोलती बंद झाली पाहिजे.”

वहिनी गल्ल्यावर बसून पिशव्यांना रबर लावत होत्या. त्यांनी मान वर करून फक्त माझ्याकडे बघितलं. “लिहा ना भाऊ,” म्हणाल्या. “तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?”

मी लिहिलं. आणि इथे माझी खरी शरमेची गोष्ट येते, की मी ते मन लावून लिहिलं. ‘आपल्या विधानांना कोणताही आधार नसून ती बिनबुडाची आहेत. आपण स्वतः डब्यापाशी लक्ष ठेवून बसला होतात काय, हे आपल्या अंतःकरणास विचारावे.’ काकांनी पाठीवर थाप मारली. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते उत्तर पुन्हा वाचलं आणि माझा संताप झाला. बिनबुडाची? अंतःकरण? ज्याचा मसाला गेला त्यालाच हे ऐकवायचं? मी रिव्ह्यू उघडला आणि खाली भर घातली, ‘दुकानदाराची भाषा उद्दाम असून ग्राहकाच्या अंतःकरणात डोकावण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?’ भर घालून झाल्यावर लक्षात आलं की मी काय करतोय, पण तोपर्यंत चार ‘उपयुक्त’ आले होते.

असं तीन आठवडे चाललं. काका बोलवायचे, चहा यायचा, मी उत्तर लिहायचो. मग ते वाचून मी घायाळ व्हायचो आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला उत्तर द्यायचो. कुणी तरी वेगळा रिव्ह्यू टाकून लिहिलं, ‘मसाल्याचं माहीत नाही, पण मालक आणि जागरूक ग्राहक एकाच शाळेत शिकलेत वाटतं. तीन स्टार.’ बायकोने तो मला वाचून दाखवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी उठून पाणी प्यायलो.

एका संध्याकाळी काका गंभीर होते. वहिनी आत धणे निवडत होत्या. काका मला म्हणाले, “सोमवारपासून मीच बसणार आहे गल्ल्यावर. तिला सांगितलं, बास झालं. मी म्हटलं होतं, एक तक्रार. इथे पुराणच झालंय.”

“काका, पण कदाचित त्यांची चूक नसेल.”

“मग कुणाची? डबे तिच्याकडे होते.” त्यांनी मान हलवली. “पोरगी हुशार आहे रे. ह्या वर्षी तिने ते पाकिटातले मसाले सुरू केले, चालले पण. पण नाव गेलं की गेलं. तू एक शेवटचं उत्तर लिही. लिही की व्यवस्थापन बदललंय.”

“आधी बाकीचे रिव्ह्यू बघू,” मी वेळ काढायला म्हणालो आणि फोन वर सरकवू लागलो. सर्वांत वर एक नवा होता. पाच स्टार. एका बाईंचा. मी मोठ्याने वाचायला लागलो.

‘माटुंग्याहून दरवर्षी येते. ह्या वर्षीचा मसाला काही वेगळाच झालाय. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. फक्त एक गंमत, काल डबा घासायला काढला तर झाकण आमचं आणि डबा दुसऱ्याच’

मी थांबलो.

“दुसऱ्याच काय?” काका म्हणाले.

“रेंज गेली,” मी म्हणालो. आणि उठलो. चहा तसाच टाकून उठलो.

घरी येऊन सरळ स्वयंपाकघरात गेलो. मसाला आईने पहिल्याच दिवशी बरणीत काढला होता आणि डब्यात बायकोने जाडे पोहे भरून तो माळ्यावर ठेवला होता. स्टूल घेऊन तो खाली काढला. झाकणावर आईचं नाव. मग डबा हळूहळू फिरवला. पोटावर, वळणदार अक्षरात, कुणा भलत्याच बाईंचं नाव, आणि खाली ‘हिच्या लग्नानिमित्त मामांकडून’. आमच्याकडे कुणालाच असा मामा नाही.

एक महिना तो पुरावा माझ्याच डोक्यावर माळ्यावर बसला होता, पोहे पोटात घेऊन. मी स्टुलावर उभा असतानाच मला सगळं दिसलं. झाकणाने वारा घेणारा मी, खिशातला चष्मा, चपलेचा तळ.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

मी डबा तिच्यासमोर धरला. तिने झाकण वाचलं, डबा वाचला, माझं तोंड वाचलं.

“जागरूक,” ती म्हणाली. एवढंच. तिला कधीपासून माहीत होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी सकाळी डबा पिशवीत घालून डंक्यावर गेलो. सोमवारच्या आत बोलायलाच हवं होतं. रस्त्यात मी वाक्य तयार केलं होतं, ‘अत्यंत खेदाने’ असं सुरू होणारं. पोचलो तर बाकड्यावर पाच बायका बसलेल्या, वहिनी चाळणीवर आणि डंका जोरात चालू. काका मुसळाला तेल घालत होते.

“काका, मला बोलायचंय!”

“काय? किती किलो?”

“बोलायचंय! ते रिव्ह्यू! मीच लिहिलं!”

“लिही ना! बस तिकडे, लिही! चहा सांगतो!”

“नाही काका! मी! तो मी!” आणि मला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक. मी शिंकतोय, छातीवर बोट ठेवून स्वतःकडे दाखवतोय, आणि काकांना वाटलं माझ्या छातीत दुखतंय. ते घाबरून ओरडले, “अगं पाणी आण! पाणी!”

वहिनींनी पाणी आणलं नाही. त्या शांतपणे उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. मुसळं थांबली. गल्लीतली एक रिक्षासुद्धा ऐकू येईल इतकं शांत झालं, आणि लालबागमध्ये तर रिक्षा येतच नाहीत.

“बोला भाऊ,” वहिनी म्हणाल्या.

मी पिशवीतून डबा काढून बाकड्यावर ठेवला. काकांनी चष्मा लावला, झाकण वाचलं, डबा वाचला, परत झाकण वाचलं.

“झाकण मी चुकीच्या डब्याला लावलं,” मी म्हणालो. “वहिनींनी काही बदललं नाही. मी फोनमध्ये होतो. जागरूक ग्राहक मी आहे.”

बाकड्यावरच्या सर्वांत टोकाच्या बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “अगो बाय, हाच तो!” आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “आणि ती उत्तरं?”

“तीही मीच. तुमच्यासमोरच लिहिली की.”

“ते माहीत आहे. त्या उत्तरांना उत्तरं?”

“तीही.”

“म्हणजे ‘बिनबुडाची’ तू लिहिलंस. आणि मग मला ‘उद्दाम’ कोण म्हणालं?”

“मीच. मला राग आला होता.”

“कुणाचा?”

“...माझाच.”

काका बाकड्यावर बसले. मला वाटलं आता हात उगारतील, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं असतं. पण त्यांचं पोट हलायला लागलं. हसताना त्यांना ठसका लागला, तेव्हा बायकांनी पाणी दिलं. “चाळीस वर्षं बसलोय इथे,” ते म्हणाले. “नवरा-बायको भांडताना बघितली, सासू-सून बघितली. एकटाच भांडून दोन्हीकडून हरलेला आज बघितला.”

“काका, उद्यापासून वहिनींना...”

ते हसायचे थांबले. सुनेकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” वहिनी म्हणाल्या. “त्या जागरूकाच्या नावावर टिचकी मारली की त्याने आधी लिहिलेलं सगळं दिसतं, बाबा. दातांच्या दवाखान्याबद्दल लिहिलंय, डावी दाढ. त्याच आठवड्यात हे भाऊ डावा गाल धरून आपल्याकडून हळद घेऊन गेले होते. मग ती ‘वृद्ध माता’, आणि यंदा आईऐवजी मसाला घेऊन हेच आले होते. मग ह्यांच्या बिल्डिंगमागची बाग. आणखी कोण असणार? पण डबा कसा गेला ते मात्र कळेना. ते त्या माटुंग्याच्या बाईंनी लिहिल्यावर कळलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सुनेने स्वतःचं गिऱ्हाइकावर ढकललं.” त्यांनी चाळणीतला मसाला झटकला. “म्हणून तर तुम्हाला म्हटलं, उत्तर लिहायला ह्यांनाच बोलवा. म्हटलं, रोज समोर बसून चहा प्याले की दोन दिवसांत बोलतील.” मग माझ्याकडे बघून, “तीन आठवडे घेतलेत भाऊ. आमचा चहा बघा किती गेला.”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण खाली मिरचीची पोती होती.

काका उठले. गल्ल्यामागच्या खुर्चीवरची त्यांची उशी, जी त्यांनी सोमवारसाठी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती, ती उचलली आणि बाकड्याच्या टोकाला ठेवून तिच्यावर बसले. “चालू कर गं,” ते सुनेला म्हणाले, “लोक खोळंबलेत.” डंका चालू झाला. पुढचं काही मला ऐकू आलं नाही, पण पाचही बायका माझ्याकडे बघून काय बोलत होत्या ते कळत होतं.

आईला घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं ती महिनाभर बोलणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईन काय लिहिल्यान? परत वाच.”

मी वाचलं.

“सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली,” आई स्वतःशीच म्हणाली. “परत वाच बघू.”

आठवडाभर रोज संध्याकाळी मला तो रिव्ह्यू वाचावा लागला. वहिनींनी नंबर मिळवून दिला, तेव्हा मी माटुंग्याच्या बाईंना फोन केला, क्षमा मागितली आणि म्हटलं की उरलेला मसाला अदलाबदल करू. बाई घाबरून म्हणाल्या, “नको हो! आत्ता कुठे सासूबाई चांगलं बोलायला लागल्यात. डबा तेवढा देऊन जाते. मसाला राहू दे.” मग आईने फोन हिसकावून घेतला आणि दोघी पाऊण तास बोलल्या. त्यांचा मसाला आम्ही वर्षभर खाल्ला. “मेथी घालूक विसरता ती,” आई दर जेवणाला म्हणायची, आणि भात वाढून घ्यायची. तिसऱ्या मिरचीचं नाव मात्र तिने त्या बाईंना सांगितलं. मला अजून माहीत नाही.

राहिला रिव्ह्यू. मी तो काढून टाकायला निघालो होतो. वहिनी म्हणाल्या, काढू नका, खाली जे घडलं ते लिहा, लोक वाचून यायला लागलेत. मी गल्ल्यासमोर उभा राहून सगळं लिहिलं, ‘खेदाने’ न वापरता, आणि पाच स्टार दिले.

“चार करा,” वहिनी म्हणाल्या.

“का?”

“पाच दिले की लोकांना वाटतं घरच्यांनीच दिलेत.”

मी चार केले. त्या माझ्या हातातल्या फोनमध्ये डोकावत होत्या. माझ्या नावाखालची ती यादी उघडीच होती, दवाखाना, साडी, थालीपीठ, झोपाळा.

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “ह्या दादरच्या चपलेचं काय झालं होतं हो?”

“तळ सुटला महिन्याभरात.”

“असा कसा सुटला?”

मला आठवलं. लेकीबरोबर चौपाटीवर गेलो होतो. पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती, चपला घालूनच लाटेत उभा राहिलो होतो, बराच वेळ. घेताना त्या दुकानदाराने सांगितलं होतं, साहेब, चामडं आहे, पाण्यात नेऊ नका. मी “चालेल, चालेल” म्हणालो होतो.

वहिनी परत पिशव्यांना रबर लावायला लागल्या. मी घड्याळ बघितलं. साडेपाच वाजले होते. दादरचं ते दुकान आठपर्यंत उघडं असतं. मी निघालो.